कुंडातला डावा पाय

अकलोलीच्या गरम कुंडांवर जायचं ठरलं ते गोदूबाईंच्या गुडघ्यांसाठी. पण त्या बेतानं झोप उडाली ती त्यांच्या सुनेची, सुमतीची.

दिवाळीत अंगाला तेल लावताना तिला तो चट्टा पहिल्यांदा दिसला होता. डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढा, भोवतालच्या कातडीपेक्षा फिका आणि कडेला किंचित तांबूस. खाजत नव्हता, दुखत नव्हता. तेल चोळताना बोटांना पोटरी लागत होती, पण पोटरीला बोटं लागत नव्हती. सुमतीनं नखानं ओरखडून पाहिलं. मग न्हाणीघराच्या दाराला कडी आहे ना, याची खात्री करून घेऊन पदराची पिन काढली आणि टोचली. रक्ताचा थेंब आला. दुखलं मात्र काहीच नाही.

तिचं माहेर टिटवाळ्याचं. चतुर्थीला देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी बसणारी, हातापायांना फडकी गुंडाळलेली माणसं ती लहानपणापासून बघत आलेली. आई त्यांच्यापुढे लांबूनच तांदूळ टाकायची आणि घरी आल्यावर मुलांचे हात राखेनं घासून घ्यायची. त्या रोगाचं नाव सुमतीनं मनातल्या मनातसुद्धा कधी घेतलं नाही. पण त्या दिवसापासून ते नाव तिच्या पाठोपाठ घरभर फिरू लागलं.

घर डोंबिवलीला, दोन खोल्यांचं. नवरा श्रीपाद मुंबईला सरकारी कचेरीत. पाच वर्षांची मुलगी, शुभदा. सासूबाई गोदूबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला गप्प करणाऱ्या. या एवढ्याशा घरात सुमतीनं तो चट्टा थंडी येईपर्यंत लपवला. लुगडं घोट्याखाली नेसायची. शुभदा पायाशी खेळायला आली की तिला दूर करायची आणि मग पोरीचं हिरमुसलेलं तोंड बघून आत जाऊन रडायची. श्रीपादला काही कळलं नाही. तो भला माणूस होता, पण बायकोच्या पोटरीकडे लक्ष जावं इतका उजेड आणि इतकी सवड त्या घरात नव्हतीच.

त्रेपन्न सालच्या त्या थंडीत गोदूबाईंचे गुडघे पार आखडले. श्रीपादच्या कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, की तानसा नदीच्या काठी, कुंडांजवळ आता एक आरोग्यभुवन निघालंय. पूर्वीसारखं उघड्यावर उतरायला नको. कुंडाचं पाणी पन्हळीनं आत आणलंय, फरशी बसवलेल्या टाक्या आहेत, बायकांची सोय वेगळी. सोबतीला अर्थात सुमतीच जाणार होती. शुभदाला कल्याणला श्रीपादच्या बहिणीकडे, हेमाकडे ठेवलं आणि दोघी सासवासुना ठाण्याहून एस.टी.त बसल्या.

गाडीतून उतरून आरोग्यभुवनाकडे चालत असताना गोदूबाई अचानक मागे वळून म्हणाल्या, "चप्पल कुठाय तुझी?"

सुमतीनं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल मागे धुळीत पडली होती, आणि पायाखालचे खडे तिला जाणवलेच नव्हते. ती धावत जाऊन चप्पल घालून आली. बंद सैल झालाय, असं काहीतरी बोलली. गोदूबाईंनी त्या बंदाकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या.

आरोग्यभुवनाच्या दारात पाटी होती. वर देवीचं नाव, खाली पाण्याचे गुण, आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत, त्वचारोगी व महारोगी यांस मज्जाव आहे. सुमतीनं ती वाचली आणि लुगड्याचा काठ आणखी खाली ओढला. व्यवस्थापक त्र्यंबकराव हे गळाबंद कोटातले, नीटनेटके, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गोदूबाईंना खुर्ची दिली आणि मोठ्या अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. पूर्वी इथे कोण कुठे उतरतंय याला धरबंधच नव्हता. खरूज, नायटे, त्याहून वाईट रोगसुद्धा, सगळे त्याच पाण्यात. म्हणून चांगल्या घरची माणसं यायची बंद झाली होती. आता तसं नाही. आता इथे येणाऱ्याला खात्री देता येते.

बायकांच्या बाजूला अंग चोळून द्यायला तुळसा नावाची गावातली बाई होती. हात राकट, जीभ सैल. पाणी आपोआप गरम कसं, असं कुणी विचारलं की ती सांगायची, देवीनं इथे दैत्य मारले, त्यांचं रक्त जमिनीखाली अजून तापलेलं आहे, तेच वर येतं. आणि ते पाणी माणसाच्या अंगात लपलेलं सगळं बाहेर काढतं. बाकीच्या बायका हसायच्या. सुमतीला हसू येत नसे. पाण्याला उग्र, अंडं नासल्यासारखा वास होता. तुळसा पहिल्याच दिवशी म्हणाली, वहिनी, तुम्हीपण पाय द्या की चोळायला. सुमती इतक्या घाईनं नको म्हणाली, की गोदूबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

काही दिवस असेच गेले. सासूबाईंना टाकीत उतरवायचं, गुडघ्यांना तेल लावायचं, पेज करून घालायची. सुमती स्वतः सगळ्यांच्या आधी उठून, दार लावून अंघोळ उरकायची. आणि मग एका सकाळी पुरुषांच्या बाजूला गलका झाला.

शहाडचा तानाजी म्हणून एक भाजीमळेवाला पाठदुखीसाठी आला होता, बायको शेवंतीला घेऊन. त्याच्या खांद्यामागे चट्टे असल्याचं कुणीतरी बघितलं. त्र्यंबकरावांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त दोन गड्यांना सांगितलं, आणि गड्यांनी त्या दोघांची वळकटी बांबूनं ढकलत ढकलत अंगणाबाहेर नेली. हात लागू नये म्हणून बांबू. तानाजी मान खाली घालून उभा होता. धडधाकट, ऐन चाळिशीतला माणूस. तो काही बोलला असता, भांडला असता, तर बघणाऱ्यांना सोपं गेलं असतं. त्याच्या टाकीत चुना ओतला गेला. व्हरांड्यातल्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. सुमतीही सरली. सगळ्यांसारखाच तिनंही पदर नाकाला लावला.

तेवढ्यात तिला दिसलं, की गोदूबाई काठी टेकत टेकत अंगण ओलांडून चालल्या आहेत. शेवंती कोपऱ्यात वळकटी आवळत होती. गोदूबाई तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी विचारू लागल्या. शेवंती बोलत होती, हातवारे करत होती, पायाकडे बोट दाखवत होती. हो, पायाकडेच.  सासूबाई त्या रोगाची लक्षणं विचारून घेत होत्या. दुसरं काय असणार?

त्याच दिवशी त्र्यंबकरावांनी सर्वांना सांगितलं, की झाला प्रकार वाईट झाला, पण काळजी नसावी. येत्या गुरुवारी ठाण्याहून एक वैद्य येतील आणि राहणाऱ्या प्रत्येकाला तपासतील. बायकांना पडद्याआड, अर्थातच.

गुरुवारचं नाव ऐकल्यापासून सुमती दिवस मोजू लागली. घरी जाऊ या, असं सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांच्या गुडघ्यांना उतार पडू लागला होता. आणि घरी जाऊन तरी काय? तिच्या डोळ्यांसमोर बांबूनं ढकलली जाणारी वळकटी यायची. वळकटी तिचीच असायची, अंगण डोंबिवलीच्या घराचं, आणि दारात हेमाचा हात धरून उभी असलेली शुभदा.

गुरुवारच्या आदल्या दिवशी गोदूबाईंनी हट्ट धरला, की त्या टाकीतलं निवलेलं पाणी पुरे झालं, मला खऱ्या कुंडात उतरायचंय. लहानपणी आजीबरोबर मी याच कुंडांत उतरले आहे. दुपारची वेळ होती. नदीकाठच्या दगडी कुंडाशी कुणी नव्हतं. सुमतीनं त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. पाणी गुडघ्याच्या वर आलं. सुमतीचं लुगडं फुगून तरंगू लागलं, तसं तिनं ते एका हातानं दाबून धरलं आणि कोपऱ्यातल्या एका सपाट दगडावर डावा पाय रोवून उभी राहिली, म्हणजे सासूबाईंचा भार तिला पेलता येईल.

गोदूबाई हळूहळू वाकल्या. तोल सावरायला त्यांनी एक हात पाण्यात खाली, त्याच दगडाकडे नेला, आणि हाय करून झटकन मागे घेतला. हाताची बोटं लालबुंद झाली होती.

"अगं, झरा आहे इथे. उकळतंय पाणी नुसतं."

दोघींनी एकदमच खाली पाहिलं. स्वच्छ पाण्यात तळ दिसत होता. दगडांच्या फटीतून बुडबुड्यांची माळ वर येत होती, आणि त्या फटीवर सुमतीचं पाऊल होतं.

"पाय काढ," गोदूबाई म्हणाल्या.

सुमतीला हलता येईना.

"सुमती, पाय काढ आधी."

पायरीवर बसून तिनं पाय वर घेतला. पावलाची वरची बाजू आणि बाहेरची कड भाजून निघाली होती, आणि बघता बघता तिथली कातडी सुटून पाण्यानं भरू लागली. तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तशी सुमती त्याच्याकडे पाहत राहिली. ओलं लुगडं पोटरीवरून वर सरकलं होतं. गोदूबाईंनी चट्टा पाहिला. सावकाश, नीट पाहिला. मग त्यांनी लुगड्याचा काठ खाली ओढून पाय झाकला, आणि चल म्हणाल्या.

 खोलीत आल्यावर त्यांनी तुळसाकडून तूप मागवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं सुमतीच्या पावलाला लावलं. हातानं. सुमतीनं पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला. त्र्यंबकराव दारात विचारपूस करायला आले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, की पेजेचं पातेलं पायावर कलंडलं, धांदरट आहे आमची सून. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही निघतो. वैद्यबुवा येणार आहेत, ते पाय बघतील, असं त्र्यंबकराव म्हणाले. गोदूबाई म्हणाल्या, आमचे डॉक्टर आहेत.

खरं तर सुमतीला हायसं वाटायला हवं होतं. पण भीती काही उतरली नाही, उलट तिला आता नवी दिशा मिळाली. सासूबाई तिला वाचवत नव्हत्या, घराचं नाव वाचवत होत्या. इथे बोभाटा झाला तर तो डोंबिवलीला पोचणार. पुढे शुभदाशी लग्न कोण करणार? म्हणून आधी इथून गुपचूप बाहेर, आणि मग सुनेची कुठेतरी सोय. टिटवाळ्याला भावाकडे? भाऊ दारात तरी उभं करील का? मुंबईला अशा लोकांसाठी एक जागा आहे, मोठ्या भिंतीची, असं तिनं ऐकलं होतं. आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही म्हणे.

सकाळी एस.टी.त बसल्यावर तिनं विचारलं, "आई, आपण घरीच चाललोय ना?"

गोदूबाईंनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं, "ठाण्याला आधी काम आहे."

ठाण्याला त्यांचं कुणीही नव्हतं. भिवंडी मागे पडली, खाडीचा वारा आत आला, आणि सुमतीला वाटलं की आता इथेच उतरून पळत सुटावं. पण भाजलेल्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. त्या फडक्याकडे तिची नजर गेली आणि देवळाची वाट तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. समोरच्या बाकावरच्या बाईनं ते फडकं बघून आपलं मूल जवळ ओढलं, की तसा तिला नुसता भास झाला, ते तिला कधीच कळलं नाही.

ठाण्याला उतरल्यावर गोदूबाईंनी टांगा केला आणि तळ्याजवळच्या चर्चपाशी न्यायला सांगितलं. तिथे एका कौलारू घराच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली होती आणि दारावर डॉक्टरीणबाईंचं नाव होतं, आयरीन. सुमती पायरीवरच थांबली. चर्च, मिशन, मोठ्या भिंतीची ती जागा, तिच्या मनात सगळं एकात एक मिसळलं.

"आई, मला इथे सोडून जाऊ नका," ती म्हणाली. "मी अंगणात राहीन. शुभदाला हात लावणार नाही. लांबून बघेन नुसती."

गोदूबाई बाकावर बसल्या. तिलाही बसवलं. आणि व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं म्हणून, की आतून हाक यायला वेळ होता म्हणून, त्या बोलू लागल्या. इतकं सलग त्या कधी बोलत नसत.

"मी परकरी पोर होते तेव्हा आजीबरोबर बैलगाडीनं कुंडांवर जायचे. तेव्हा नदीपलीकडे पळसाखाली झोपड्या होत्या. या रोगाची माणसं. त्यांच्या घरचे त्यांना कुंडाच्या पाण्यानं गुण येईल म्हणून आणून सोडायचे. त्यात एक बाई होती, तुझ्याहून लहान. हातात लग्नातला हिरवा चुडा. गाडी आली की ती काठावर येऊन विचारायची, गाडी कुठली? आम्ही गाव सांगितलं की परत जायची. तिच्या नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, आठवड्यानं न्यायला येतो. पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा गेलो. ती होतीच. गाडी कुठली, विचारायला आली. चुडा तेवढा नव्हता राहिला."

सुमतीचा हात आपल्या बांगड्यांवर गेला.

"तुझी चप्पल पडली तेव्हाच मला शंका आली होती. त्या शेवंतीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, यांची पण चप्पल अशीच गळायची, कळायचं नाही. आणि म्हणाली, ठाण्याला एक डॉक्टरीण आहे, नव्या गोळ्या देते, त्यानं बरं वाटतं. पण तिच्या सासूला गोळ्यांपेक्षा कुंडावर भरवसा, म्हणून इकडे आणलं होतं." गोदूबाई थोडं थांबल्या. "औषध आहे म्हणून मी तुला इथे आणलंय. नसतं तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नकोस."

सुमतीनं ते कधीच विचारलं नाही. त्या वाक्याची भीती मात्र तिच्या मनात पुढे कितीतरी दिवस राहिली, कारण सासूबाई खोटं बोलत नसत.

आयरीन डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, सुती झग्यातल्या. त्यांनी सुमतीला खाटेवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या बोळ्यानं पायावर कुठे कुठे स्पर्श करत, कळलं की सांग, म्हणाल्या. सुमती कान देऊन ऐकावं तशी पायाकडे लक्ष देऊन पडून राहिली. पोटरीच्या आतल्या बाजूला कळलं. गुडघ्याला कळलं. मग बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं, बाई थांबल्या. डोळे किलकिले करून पाहिलं, तर कापूस चट्ट्यावर फिरत होता.

"होय, तोच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी रोगाचं नाव घेतलं, पडसं म्हणावं तसं. मग पुढे सांगितलं, की या रोगातही प्रकार असतात. हा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही. लवकर आलात. गोळ्या मात्र वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, आणि गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही. पाय डोळ्यांनी सांभाळायचा, तो स्वतः सांगणार नाही. घरातच राहायचं. मुलीला जवळ घ्यायचं.

"जवळ म्हणजे किती जवळ?" सुमतीनं विचारलं.

"आई घेते तितकं," बाई म्हणाल्या.

डोंबिवलीला आल्यावर श्रीपादला सांगायचं काम गोदूबाईंनीच केलं, सुमतीला समोर बसवून. तो ऐकत राहिला. ओरडला नाही, रडला नाही. पण त्या दिवसापासून त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं आणि पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. सुमतीनं त्याला दोष दिला नाही, पदर तर तिनंही नाकाला लावला होता. गोदूबाई मात्र रोज त्या वेगळ्या तांब्यातलं पाणी तुळशीला ओतून टाकायच्या, आणि श्रीपादला सुमतीच्याच हातून पाणी घ्यावं लागायचं. पावसाळा संपता संपता तो एका संध्याकाळी आपणहून ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. काय विचारलं, काय ऐकलं, ते त्यानं सांगितलं नाही. अंथरूण आत आलं.

गोळ्यांनी पहिले काही महिने सुमतीला फार थकवा यायचा. पुढे ते सोसलं. चट्ट्याच्या कडा मावळल्या, रंग हळूहळू भरत आला. पावलाची जाणीव काही परतली नाही. बाहेर कुणाला कळलं नाही, कळेल अशी धाकधूक मात्र कधीच गेली नाही. गोदूबाई नंतर कुंडांवर गेल्या नाहीत. घरीच पाणी तापवून शेकायच्या, आणि सुमतीकडून तेल लावून घ्यायच्या.

दर रविवारी शुभदाला न्हाऊ घालताना सुमती तिला डोळे मिटायला लावायची. मग पदराचं टोक पिळून पोरीच्या पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर अलगद टेकवायची. शुभदाला तो खेळ वाटायचा. इथे, इथे, आता इथे, असं ती खिदळत सांगायची, आणि प्रत्येक इथे ऐकून सुमती पुढे सरकायची. एका रविवारी तिनं खांद्यामागे पदर टेकवला आणि शुभदा काही बोलली नाही. सुमतीनं पुन्हा टेकवला. पोर गप्प. चुलीवरचं पाणी खदखदत होतं, दाराबाहेर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, आणि सुमतीला त्यातलं काही ऐकू येईना. तिनं तिसऱ्यांदा, जरा दाबून टेकवला.

"सांग ना गं," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला ओळखू आला नाही.

शुभदानं एक डोळा उघडला. गाल फुगवून दाबून धरलेलं हसू तिच्या तोंडातून फुटलं. "कधीचं कळलंय," ती म्हणाली, "मी मुद्दाम नाही सांगितलं."

सुमतीनं तिला ओल्या अंगानिशी उचललं आणि छातीशी धरलं, इतकं घट्ट, की पोर सोड सोड म्हणू लागली.